रोजची साक्ष: तोंडाने द्यायची की हाताने?

नगरवाली_रूथ
सलाम मंडळी. (आमच्या समाजात भेटल्यावर सलामच म्हणतात, त्यावरून वेगळा वाद नको.)

गेल्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, "मागच्या सात दिवसांत कुणाकुणाला प्रभूविषयी सांगितलंत? हात वर करा." दीडशे माणसांत चार हात वर गेले. त्यातले दोन शब्बाथ शाळेतल्या (मुलांच्या बायबल वर्गातल्या) पोरांचे, आणि ती पोरं कुठल्याही प्रश्नाला हात वर करतात. माझा हात खालीच होता.

घरी येऊन भाकरी थापतानाही तेच डोक्यात. मी मूळची नगरची, आता पुण्यात. पणजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती. काम घरून करते. शेजारी एक आजी राहतात, मुलगा परदेशात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना डायलिसिसला नेते. चार तास यंत्र चालतं, मी बाकड्यावर लॅपटॉप घेऊन बसते. दीड वर्ष झालं. या दीड वर्षात आजींपुढे मी येशूचं नावही काढलेलं नाही. त्या रामरक्षा म्हणतात, मी ईमेलना उत्तरं देते.

बायबलात मत्तय २८ मध्ये स्पष्ट आज्ञा आहे की सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. आणि मत्तय ६ मध्ये, तुमचा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आता या दोन्हींत मी कुठे बसते? ही गप्प सेवा साक्ष आहे, की मी घाबरट आहे आणि सेवेच्या पदराआड लपलेय?

इथे सगळ्या धर्मांचे आणि बिनधर्माचे लोक आहेत, म्हणून मुद्दाम इथेच विचारतेय. चर्चच्या मंडळीत विचारलं असतं तर उत्तर आधीच ठाऊक आहे.

डब्बा_बाटली
मी पयला! वाचून मग लिहितो.

सदाशिवपेठी
स्पष्टच लिहितो, राग मानू नका. तुमच्या "साक्ष" या गोड शब्दाला आम्ही बाहेरचे लोक धर्मप्रसार म्हणतो.

२०११ साली वडील अतिदक्षता विभागात होते. मी बाहेर जिन्यात बसलो होतो, तीन रात्री झोप नव्हती. दोन सद्गृहस्थ आले, अतिशय मायेने पाणी विचारलं, खांद्यावर हात ठेवला. मला खरंच बरं वाटलं. पाचव्या मिनिटाला हातात पत्रक आलं आणि "तुमचे वडील बरे होतील, फक्त विश्वास ठेवा" सुरू झालं. वडील दुसऱ्या दिवशी गेले. त्या पत्रकाचा राग नाही इतका त्या पाण्याचा आहे. ते पाणी मला पाजलं होतं की गिऱ्हाइकाला?

तुम्ही आजींना काही बोलला नाहीत हे फार चांगलं केलंत. तसंच राहू द्या.

नगरवाली_रूथ
@सदाशिवपेठी, राग कसला. "ते पाणी मला की गिऱ्हाइकाला" हे वाचून पोटात खड्डा पडला. नेमकी हीच भीती वाटते मला.

मिरजमळा
माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो.

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. जवळच्या वानलेसवाडीला नावच त्यांचं. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातून बैलगाड्या भरून लोक यायचे. पुढे मिरज डॉक्टरांचं गाव झालं त्याचं मूळ तिथे.

माझ्या आजीचं पोटाचं ऑपरेशन तिथलंच, पन्नासच्या दशकातलं. तिला सर्जनचं नाव शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, पण सुरी लावायच्या आधी डॉक्टर डोळे मिटून उभे राहिले होते हे तिने आम्हाला शंभरदा सांगितलं. "माझ्यासाठी त्यांनी त्यांच्या देवाला हाक मारली हो." सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची. ज्याला ऐकायची तो ऐके, बाकीचे कुशीवर वळत. आजी ऐकायची, आणि घरी येऊन अंबाबाईची ओटी भरायची. आमच्या घरात कुणीही ख्रिस्ती झालं नाही, पण "मिशनचं" म्हटलं की आजी हात जोडायची.

तेव्हा तोंडाने बोललं की सेवा बाटते असं मला वाटत नाही. @सदाशिवपेठी यांना जे वाईट वाटलं ते बोलण्यामुळे नव्हे, बरं होण्याच्या बोलीमुळे.

कुपारी_पोर
वसईहून. आम्ही कॅथलिक, घरात कादोडी बोलतो. आमच्याकडे पत्रकं वाटायची पद्धत नाही, उलट फादर प्रवचनात "साक्ष द्या" म्हणाले की लोक घड्याळ बघतात.

पण धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते, बाबा त्यात वीस वर्षं होते. दोघादोघांनी गरजूंच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, मग औषध, फी, रेशन जे लागेल ते. कुणाच्या घरी गेलो हे बाहेर बोलायचं नाही. बाबांनी आईलाही सांगितलं नाही. ते गेल्यावर पायरीवर अनोळखी माणसं रडत बसली होती, तेव्हा आईला कळलं बाबा दर बुधवारी कुठे जात.

या सोसायटीचा उगमही या धाग्याला धरूनच आहे. १८३३, पॅरिस. फ्रेडरिक ओझनम हा वीस वर्षांचा विद्यार्थी एका वादमंडळात ख्रिस्ती धर्माने काय काय केलं ते तावातावाने मांडत होता. समोरून टोमणा आला की ते पूर्वीचं झालं, आज पॅरिसच्या गरिबांसाठी तुम्ही काय करता? ओझनमने उत्तर दिलं ते मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जाऊन. म्हणजे आधी तोंड, मग टोमणा, मग हात.

आणि संत फ्रान्सिस म्हणूनच गेलाय: सतत सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्द वापरा.

खोडकिडा
नाही म्हणाला तो.

हे वाक्य फ्रान्सिसच्या कुठल्याही लेखनात नाही, त्याच्या काळातल्या चरित्रांतही नाही. कॅलेंडरवाल्यांनी त्याच्या नावावर खपवलंय. त्याने आपल्या संन्यासी बंधूंसाठीच्या १२२१ च्या नियमावलीत लिहिलंय ते यापेक्षा रोचक आहे. सगळ्या बंधूंनी कृतीने उपदेश करावा, हे आहेच. पण मुसलमानांमध्ये राहायला जाणाऱ्यांसाठी दोन वाटा दिल्यात. एक, वाद घालू नका, सगळ्यांचे सेवक होऊन राहा, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करा. दुसरी, देवाला आवडेल असं दिसलं तर वचन सांगा. आणि हे धर्मयुद्धांच्या काळात!

रूथताईंनी पहिल्या वाटेचा तिसरा भाग तपासावा. आजींना तुम्ही ख्रिस्ती आहात हे माहीत तरी आहे का?

कुपारी_पोर
@खोडकिडा, आमच्या शाळेच्या भिंतीवर ते वाक्य दहा वर्षं फ्रान्सिसच्या नावाने होतं. आता कुणाला सांगू?

खोडकिडा
भिंतीला सांगा. गरज पडली तर शब्द वापरा.

डब्बा_बाटली
वाचलं. माझं निरीक्षण: विमा एजंट, साखळी विक्रीवाले आणि सुवार्तिक तिघेही "कसा आहेस?" एकाच चालीत विचारतात. आणि गेली दोन वर्षं त्यांत मॅरेथॉन धावणारे आलेत. (हलके घ्या.)

नगरवाली_रूथ
@खोडकिडा, हो, माहीत आहे. पहिल्याच नाताळात करंज्या आणि अनारसे घेऊन गेले तर आजी म्हणाल्या, "अगो, हे तर आमचंच!" त्यांना वाटलं होतं केक येणार.

चकलीभाजणी
अवांतर, पण ख्रिस्ती घरांत नाताळाला फराळ होतो हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं! चकल्यासुद्धा का?

नगरवाली_रूथ
चकल्या, शेव, शंकरपाळे, सगळं. फक्त दिवाळीनंतर दोन महिन्यांनी करायचं, तोवर शेजारच्यांचं खायचं. दोन्हीकडून फायदा.

पेंढा
मी जन्माने ख्रिस्ती, आता चर्चला जात नाही. मूळ प्रश्नावर माझं मत कडू आहे.

आमच्या गावात साक्ष म्हणजे रविवारी उभं राहून "प्रभूने मला गाडी दिली" सांगणं. पुढच्या रविवारी दुसऱ्याची मोठी गाडी. त्याच मंडळीत लग्न ठरवताना मात्र हळूच विचारतात, "त्यांचे आजोबा मूळचे कोण?" शंभर वर्षांपूर्वी एकाच टाकीत बाप्तिस्मा झाला, पण सोयरिकीत गावकूस तसंच. वर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. सरकार म्हणतं तुमच्यात जात नाही, आणि सोयरे म्हणतात आहे.

जगाला सुवार्ता सांगायच्या आधी ती वरपक्षाला सांगा. रूथताई, तुमच्याबद्दल नाही हे. तुम्ही बाकड्यावर बसता ते मला चर्चपेक्षा जास्त पटतं.

तर्कटराव
सुरू झालं. हॉस्पिटलं नि शाळा ही सगळी जाळी होती. गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) १५६० ते १८१२ चाललं ते विसरून सेवेचे गोडवे गाताय. १८९३ चं शारदा सदन प्रकरण वाचा. विधवांना आसरा देतो सांगून काय चाललं होतं?

संपादक
यानंतरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पंथांची हेटाळणी चालणार नाही. इतिहासावर बोला, पण माहितीनिशी.

पानगळ
@तर्कटराव, गोव्याचं कुणीच विसरलेलं नाही. सत्तेचा बडगा हाती आला की साक्ष राहत नाही, सक्ती होते. त्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही.

पण शारदा सदनाचं इतकं सरळ नाही. पंडिता रमाबाईंनी ते १८८९ मध्ये मुंबईत काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात नेलं. बाई तेव्हा ख्रिस्ती होत्या, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झालेला, आणि ते त्यांनी लपवलं नव्हतं. बोली अशी की सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही. बाई आपल्या खोलीत मुलीसोबत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. गहजब झाला, टिळकांनी केसरीतून झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आता ते उघडं दार म्हणजे वचनभंग होता का? मी कितीदा तरी विचार केलाय. बाईंच्या बाजूने म्हणावं तर स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाची प्रार्थना चोरून का करायची? पालकांच्या बाजूने म्हणावं तर ज्या मुलीला जगात दुसरं छप्परच नाही, तिच्यासाठी ते दार खरंच "फक्त उघडं" असतं का? आसरा देणाऱ्याची आवड निराधाराला न सांगताही कळते.

मात्र १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना गोळा करून केडगावला आणणारी तीच बाई होती, आणि टीका करणाऱ्यांपैकी फार जण त्या वाटेला गेले नाहीत, हेही त्याच इतिहासात आहे.

सदाशिवपेठी
@पानगळ, "आसरा देणाऱ्याची आवड निराधाराला न सांगताही कळते". हेच मला जिन्यात सांगायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

काळा_कोट
कायद्यापुरतं: संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आपली श्रद्धा सांगणं वेगळं, समोरच्याला ओढणं वेगळं. डायलिसिसच्या बाकड्यावर कुठलंच कलम लागत नाही, निश्चिंत राहा.

ह्यूस्टनचा_हरी
२०१७ च्या ऑगस्टात हार्वी वादळाचं पाणी आमच्या घरात कमरेपर्यंत आलं. ओसरल्यावर भिंतींचा खालचा भाग पावासारखा भिजून फुगलेला, बुरशी धरायच्या आत काढावा लागतो. कंत्राटदार फोन उचलत नव्हते. टी-शर्ट घातलेले सातआठ म्हातारे आले, चर्चचे. दोन दिवस भिंती फोडल्या, कचरा रस्त्यावर नेऊन रचला. आमचा देव्हारा एका आजोबांनी दोन्ही हातांनी उचलून वर नेऊन ठेवला, बूट काढून.

जाताना विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" बायको म्हणाली, करा. अंगणात गोल उभे राहिलो. मग एक बायबल दिलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या. ते अजून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. वाचलं नाही, पण टाकवतही नाही.

बोलले ना ते. पण आधी भिंत फोडली आणि नंतर विचारलं. आणि आम्ही नको म्हटलं असतं तरी भिंत फुटलेलीच होती.

रानातला_पाळक
मी मराठवाड्यात पाळक आहे. हा धागा मुलीने दाखवला. हात वर करायला लावणाऱ्यांपैकी मीही एक, म्हणून बोलतो.

आम्ही असं का विचारतो? कारण आमची माणसं दबून राहतात. मुलगा कॉलेजात नाव सांगताना आडनाव गिळतो. "साक्ष द्या" म्हणताना मला पुष्कळदा एवढंच म्हणायचं असतं की लपू नका. पण ते "किती जणांना सांगितलं" असं बाहेर पडतं आणि हिशेब होतो. चूक आमची.

मत्तय २८ बद्दल: मूळ ग्रीकमध्ये आज्ञार्थी क्रियापद "शिष्य करा" हे आहे, "जा" हे धातुसाधित आहे, "जाऊन" किंवा "जाता जाता" असं. म्हणजे मोहिमेवर निघा इतकंच नाही. बाजारात, विहिरीवर, तुमच्या त्या बाकड्यावर.

खोडकिडा
पाळकसाहेब, नमस्कार. मात्र तिथे त्या धातुसाधितालाही आज्ञेचाच जोर आहे, त्यामुळे "जा" मधून पूर्ण सुटका नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ इथे जास्त कामाचं: तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने. विचारलं तर!

रानातला_पाळक
मान्य. तुम्ही आमच्या बायबल अभ्यासाला या, जेवण मंडळीकडे.

डब्बा_बाटली
@खोडकिडा, जाऊ नका, हीच ती पद्धत.

मिरजमळा
एक राहिलं. सगळे हाताच्या बाजूने बोलताय म्हणून. कवी ना. वा. टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला. नुसतं बोलणं आणि एक पुस्तक, सेवा वगैरे काही नाही. दोन वर्षांनी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो माणूस तोंड मिटून बसला असता तर?

पानगळ
तर लक्ष्मीबाईंची ती वर्षं रडण्यात गेली नसती. नवरा न सांगता ख्रिस्ती झाला, त्या पंढरपूरला नातलगांकडे मुलाला घेऊन राहिल्या. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण स्वतः विचार करून, कुणाच्या मागे नव्हे. रेल्वेतल्या माणसाला यातलं काहीच कळलं नसणार. बोलणारा पुढच्या स्टेशनला उतरून जातो, हा बोलण्यातला सोयीचा भाग. रूथताई उतरून गेलेल्या नाहीत.

नगरवाली_रूथ
तीन आठवड्यांनी येतेय. सगळं वाचलं, काही दोनदा.

मधल्या काळात जे झालं ते सांगते. मागच्या शुक्रवारी यंत्र लावल्यावर आजी झोपल्या नाहीत. माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पोरी, तू पैसे घेत नाहीस, नात्यातली नाहीस. का येतेस गं?"

विचारलं तर! मला खोडकिडाच आठवले. छातीत धडधड. मी म्हटलं, "आजी, माझ्या प्रभूने सांगितलंय, आजाऱ्याला भेटलात म्हणजे मला भेटलात, म्हणून."

आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तुझ्या देवाचं काम होय? मला आपलं वाटलं, तुला मी आवडते."

मला काही सुचेना. दीड वर्ष मी बोलावं की नाही याची काळजी करत होते, आणि हे डोक्यातच आलं नव्हतं. सदाशिवपेठींचं पाणी आठवलं. मी म्हटलं, "आवडता हो. सुरुवातीला देवासाठी आले असेन, आता तुमच्या शिव्या ऐकायला येते." (आजी नर्सांना ज्या शिव्या देतात त्या इथे लिहिल्या तर संपादक मला उडवतील.)

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या देवाला सांग, पोटॅशियमचं बघ म्हणावं जरा. टोमॅटोचं सार प्यायचंय एकदा, वाटीभर."

पाळकसाहेबांनी परवा पुन्हा हात वर करायला सांगितलं. मी केला नाही. याला सांगितलं म्हणतात की नाही, मला अजून कळलेलं नाही.

चकलीभाजणी
डोळ्यांत पाणी. आणि साराबद्दल: मी किडनी विभागात नर्स होते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, त्याने पोटॅशियम उतरतं. पण सारात सगळं पाण्यातच येतं, त्यामुळे घरी प्रयोग नको. पुढच्या रक्ततपासणीनंतर तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारा, दोनचार चमचे चालतील का ते. आणि ते पाण्याच्या हिशेबातही धरा.

पेंढा
या धाग्यात पहिल्यांदाच कुणी गाडी मिळाल्याची साक्ष दिली नाही. नोंद घ्यावी.

सदाशिवपेठी
गाडीवरून आठवलं. रूथ, व्यक्तिगत निरोप केलाय. शुक्रवारी मी त्याच बाजूला असतो, कधी तुम्हाला जमलं नाही तर आजींना मी सोडेन. गाडी जुनी आहे, एसी चालत नाही आणि मला रामरक्षा निम्मीच येते, हे आधीच सांगून ठेवतो.